काकांचं गूढ शब्दकोडं: बारा दिवस, चौदा शोधसूत्रं आणि वाया गेलेल्या तीस झेरॉक्स

१७ नोव्हेंबर

बेळगावच्या शहापुरात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे लग्नपत्रिकांची रांग लागते, त्यात आज गल्लीतले काका एक चौकडीचा कागद घेऊन आले. साखर कारखान्यात हिशेबाला होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, रोज इंग्रजी पेपरातलं गूढ कोडं पेनने सोडवतात, पेन्सिल वापरली तर अपमान समजतात. चार महिने बसून मराठीत तसंच एक कोडं रचलंय म्हणे. "हे टाइप कर, तीस कॉप्या काढ आणि स्वतःचं डोकं लावू नकोस."

मी डोकं लावलं. हस्ताक्षर किरटं होतं, एका ठिकाणी काकांचं चुकलंय असं वाटलं म्हणून टाइप करता करता दुरुस्त केलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे महागात पडणार आहे.

बक्षीस अर्धा किलो कुंदा, आमच्याकडची मिठाई. अट मात्र नुसत्या उत्तरांची नाही, चौदाच्या चौदा उत्तरं आणि प्रत्येकाखाली ते तेच का हे लिहून द्यायचं. मला वाटलं ही फॉर्मॅलिटी असेल.

या नोंदी लिहितोय कारण असलं कोडं मराठीत पहिल्यांदा सोडवणाऱ्याला कुठे अडायला होतं ते कोणी सांगत नाही. नेहमीच्या कोड्यात "पाणी, जल (२)" असं सरळ असतं. इथे सूत्रात दोन तुकडे असतात, बहुतेक वेळा एक सरळ अर्थ आणि एक अक्षरांचा खेळ, दोन्हींचं उत्तर एकच यायला पाहिजे आणि दोन्ही मिळून एक भलतंच वाक्य तयार होतं जे तुम्हाला फसवतं. कंसातला आकडा म्हणजे किती घरं. काना मात्रा अनुस्वार जोडाक्षर सगळं धरून एक अक्षर एका घरात.

१८ नोव्हेंबर

दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा बसलो. पाऊण तासात दोन सुटली.

"निवडणूक संपली: एकाच्या गळ्यात, दुसऱ्याच्या वाट्याला (२)". हार. यात अक्षरांचा खेळ काहीच नाही, एकाच शब्दाचे दोन अर्थ, श्लेषच. मराठीत हे फार सोपं जातं कारण कर, वर, पान, भाव, कळ असे शब्द आपल्याकडे पोत्यानं आहेत. इंग्रजीत उच्चार सारखा पण स्पेलिंग वेगळं अशी सूत्रं बरीच असतात म्हणे, काकांच्या कोड्यात तसं एकही नाही. आपण बहुतेक बोलतो तसंच लिहितो, मग उच्चारावर फसवणार कसं.

"बिनडोक बटाटा म्हणाला, येतो (२)". यावर वीस मिनिटं गेली, मी भाज्यांचे प्रकार आठवत होतो. बिनडोक म्हणजे डोकं नसलेला म्हणजे पहिलं अक्षर उडवायचं. बटाटाचा ब गेला, टाटा राहिला. आणि जाताना आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. हे सुटल्यावर मी एकटाच दुकानात हसलो, समोरच्या टेलरने विचारलं, काय करूलास रे?

इथे एक गोष्ट कळली ती आधी लिहून ठेवतो. सूत्रात एखादा विचित्र शब्द दिसला, बिनडोक, उलटी, पोटात, बिघडलं, गडबडला, तर तो बहुतेक हुकूम असतो. तो अक्षरांना काहीतरी करायला सांगत असतो, त्याचा अर्थ बघत बसू नका.

१९ नोव्हेंबर

चार सुटली, पटापट.

"नदी उलटी वाहिली तर गरीब (२)", दीन. नदी उलटी लिहा, झालं. "होडी, आणि तिच्यावर रंगवलेलं (२)", नाव. "पाण्याशिवायचं गाव, तंबाखू मात्र भरपूर (३)", निपाणी, नि म्हणजे शिवाय. हे आपल्या भागातल्या शेंबड्या पोरालाही येईल, पुण्याच्या माणसाला कदाचित नाही.

चौथं जरा बघण्यासारखं आहे. "आधी जेवण, मग नदीला पाणी, लोंढ्याच्या अलीकडे उतरा (४)". खाना अधिक पूर, खानापूर, बेळगावहून लोंढ्याला जाताना आधी लागतं ते स्टेशन. पण मजा अशी की पूर वाचून डोक्यात पाणी शिरलेलं असतं आणि मग लोंढा शब्द येतो तो पण पाण्याचाच वाटतो. मी लोंढ्याच्या अलीकडे म्हणजे नदीचा काठ धरून चाललो होतो. लोंढा हे गाव आहे हे जन्मापासून माहीत असलेल्या माणसाला दहा मिनिटं गाव दिसलं नाही.

वेळ एक तास. या तासात एक लग्नपत्रिका प्रूफला जायची राहिली, पार्टी संध्याकाळी येऊन बोलून गेली.

२० नोव्हेंबर

आजचा दिवस पूर्ण वाया. कसा ते सविस्तर लिहितो कारण ही चूक प्रत्येकजण करणार.

"नवाला एक कमी, जखमेची खूण, मनातून जात नाही ती (४)". मी शेवटचा तुकडा वाचला, मनातून जात नाही ती, चार घरं, लगेच लिहिलं हुरहुर. पेनने. बसलं की नीट. आधीच्या तुकड्याचं काय, तर म्हटलं जखम वगैरे वातावरणनिर्मिती असेल.

या शब्दाच्या तिसऱ्या अक्षरातून एक उभा शब्द जातो, तीन घरांचा, त्याचं मधलं घर. म्हणजे मध्ये हु आला. उभ्याचं सूत्र: "काळ्याच्या पोटात आणि पितरांच्या पानावर (३)". मध्ये हु असलेला तीन अक्षरी शब्द, पानावर बसणारा कोण? पाहुणा! लिहून टाकलं. दोन शब्द एकमेकांत इतके चपखल बसले की मला शंकाच आली नाही. एकाला दुसऱ्याचा दाखला, दुसऱ्याला पहिल्याचा. दोघेही खोटे साक्षीदार.

मग पाहुणातल्या अक्षरांवरून पुढचं काही जुळेना, पा आणि णा घेऊन मी दुपारभर हिंडलो. रात्री घरी बायकोला दाखवलं तर ती म्हणाली आधी हुरहूर लिहायला शीक, दुसरा हू दीर्घ असतो. म्हणजे चुकीचं उत्तर, तेही अशुद्ध, आणि शुद्ध केलं तर पाहुणा बसत नाही. झोप लागली नाही नीट.

२१ नोव्हेंबर

सकाळी काकांच्या दारात. ते वऱ्हांड्यात पेपर पसरून बसलेले. उत्तर सांगणार नाहीत हे माहीत होतं, नुसतं विचारलं, काका, हुरहूर बरोबर आहे का तेवढं सांगा.

"जखमेची खूण कुठे खर्ची टाकलीस?"

म्हटलं ती आपली अशीच असेल.

"अशीच काही नसतं. चाळीस वर्षं हिशेब केला मी. ताळेबंदात चार आणे शिल्लक राहिले तर आपण म्हणतो का, असतील असेच? सूत्रातला प्रत्येक शब्द कुठे गेला ते दाखव. एक जरी उरला तर उत्तर चूक."

मग चहा झाला आणि गप्पा झाल्या, त्यात कळलं की शब्दकोडं पहिल्यांदा छापून आलं ते २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्क वर्ल्ड पेपरात, आर्थर विन म्हणून होता त्याचं, पण ते साधं अर्थाचं होतं, ही वाकडी जात नंतर इंग्लंडात वाढली. आणि द हिंदूतली कोडी सुरुवातीला रचायचे ते अ‍ॅडमिरल कटारी, आपल्या नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख. काकांना या गोष्टीचा फार अभिमान, जसं काही कटारी शहापूरचेच. "आरमार सांभाळून झाल्यावर माणूस कोडी रचत बसला, आणि तू दोन पत्रिका उशिरा झाल्या म्हणून रडतोस."

दुकानात येऊन वहीत दोन रकाने केले, डावीकडे सूत्रातला शब्द, उजवीकडे तो कुठे खर्च झाला. नवाला एक कमी: आठ. जखमेची खूण: वण. मनातून जात नाही ती: सरळ अर्थ. आठ आणि वण, आठवण. काही शिल्लक नाही. चार मिनिटं लागली.

आता तिसरं अक्षर व. "काळ्याच्या पोटात": काळा, आणि त्याच्या पोटात काहीतरी. "आणि": व! आणि म्हणजे व. काळाच्या मध्ये व घातला की कावळा. "पितरांच्या पानावर": तोच. शिल्लक शून्य. या सूत्रातला आणि हा शब्द मी काल वाचलाच नव्हता, आणि वाचतो कोण हो, आणि हा काय वाचायचा शब्द आहे? तिथेच तर दडवलंय.

पेनने लिहिलेलं खोडताना कागद फाटला. नवीन कॉपी काढली, दोन रुपये. पेन्सिल वापरा, काकांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

२३ नोव्हेंबर

रविवार, दुकान अर्धा दिवस. काल काहीच झालं नाही, मशीनचा ड्रम गेला होता.

"गरम बिघडलं की पाण्यात पडून राहते (३)". माझ्या डोळ्यासमोर म्हैस. उन्हाळ्यात तळ्यात बसलेली, नाकपुड्या वर. हिशेबाचं सगळं शिकून झालेलं तरी म्हैस डोक्यातून जाईना, घरं तीन आणि म्हैस दोन अक्षरी, तर मी चक्क म्, है, स असं तीन घरांत बसवून बघितलं. खानापूरचा शेवटचा र याच्या शेवटच्या घरात येतो हे पण विसरलो.

दुकानात मदतीला एक पोरगा आहे, बैलहोंगलकडचा, घरी कन्नड, शाळा कन्नड, मराठी इथे येऊन शिकला. वाचतो पण अक्षर अक्षर लावून. तो झाडू मारता मारता खांद्यावरून बघत होता. म्हणाला, अण्णा, ग र म, म ग र. मगर हाय की.

मी गप्प. बिघडलं हा हुकूम, गरमची अक्षरं इकडची तिकडे करायची, पाण्यात पडून राहते ती मगर, आणि र पण बसतो.

त्याला का दिसलं आणि मला का नाही यावर मी बराच विचार केला. मला गरम वाचलं की उन्हाळा दिसतो, मग तळं, मग म्हैस. त्याला ग दिसला, र दिसला, म दिसला. अर्थ त्याच्यापर्यंत उशिरा पोचतो म्हणून तो फसला नाही. माझी मराठी चांगली असणं हेच माझं नुकसान होतं. तेव्हापासून मी अडलेलं सूत्र शेवटच्या शब्दापासून उलटं वाचायला लागलो, वाक्य मोडतं आणि शब्द सुटे दिसतात. याच पद्धतीने लगेच दोन निघाली. "मालक गडबडला, हद्द झाली! (३)", मालकची अक्षरं हलवली की कमाल. "वेडंवाकडं सरकत केलेला व्यायाम (४)", सरकतची कसरत.

कमालचा क वरच्या आडव्या शब्दाच्या शेवटी येतो. "धबधब्याचं गाव, गायीमागं कावळा (३)". शेवटी क. गाय म्हणजे गो, तिच्या मागे कावळा म्हणजे काक, गोकाक. घटप्रभेवरचा तो बावन्न मीटरचा धबधबा लहानपणापासून किती वेळा बघितला असेल, गावाच्या नावात गाय आणि कावळा आहेत हे कधी लक्षात आलं नाही. पोरग्याला सांगितलं तर तो म्हणाला कन्नडमध्ये पण काक म्हणजे कावळाच.

बारा झाली. राहिली दोन.

२५ नोव्हेंबर

दोन दिवस एकाच सूत्रावर. "मुकुंदच्या पोटात बेळगावची मिठाई (२)".

मिठाई म्हणजे कुंदा, हे कोणीही सांगेल, बक्षीसच ते. पण ताळेबंद लागेना. पोटात म्हणजे लपलेला शब्द, मुकुंदच्या ही अक्षरं मु, कुं, द, च्या. यात कुंद आहे, कुंदा नाही. एक काना कमी पडतोय. मी मांडे करून बघितले, करदंट करून बघितला, तो तर गोकाकचा आणि चार अक्षरी. गल्लीतल्या आणखी तिघांचं इथेच अडलंय असं कळलं, एकाने काकांचं कोडंच चुकलंय म्हणून चौकात सांगायला सुरुवात केली.

संध्याकाळी काका तणतणत आले, हातात छापील कागद. त्यांनी आजवर छापलेलं वाचलंच नव्हतं, स्वतःचं पाठ होतं ना.

"माझा कुंदा खाल्लास तू!"

मग मूळ कागद काढून दाखवला. त्यांनी लिहिलेलं "मुकुंदाच्या". मु, कुं, दा, च्या. पोटात कुंदा अगदी सुरेख. मी टाइप करताना म्हटलं माणसाचं नाव मुकुंद, आपण बोलताना मुकुंदच्या घरी, मुकुंदच्या गाडीवर असं म्हणतो, काना जास्तीचा पडलाय, आणि काढला. सतरा तारखेची ती दुरुस्ती हीच.

म्हणजे मीच चुकीचं छापलेलं सूत्र मीच दोन दिवस सोडवत बसलो होतो. तीस कॉप्या परत काढल्या, साठ रुपये माझ्या खिशातून, पहिल्या साठाचं बिल काकांनी द्यायला नकार दिला आणि तो बरोबरच होता. त्या तिघांच्या घरी जाऊन नवीन कागद देऊन आलो, चौकातल्याची समजूत काढायला अर्धा तास आणि दोन चहा.

तुम्ही कोणाचं असं कोडं टाइप करणार असाल तर डोळे मिटून अक्षराला अक्षर लावा. शुद्धलेखन सुधारू नका, स्वल्पविराम हलवू नका. लग्नपत्रिकेत काना गेला तर पाहुणे तरीही जेवायला येतात, इथे सूत्रच मरतं.

२६ नोव्हेंबर

मधेच एक उद्योग. आत्मविश्वास वाढला म्हणून स्वतः एक सूत्र रचलं आणि काकांना दाखवलं: "नवरा उलटा वागला की लंकेत जातो (३)". उत्तर रावण. नवरा उलटा, रा, व, न. मला फार आवडलं होतं.

काकांनी चष्मा वर केला. "रावन कोण?"

न आणि ण. आमच्या घरात आज्जी पानीच म्हणायची, माझ्या कानाला फरक जाणवतच नाही. मी म्हटलं एवढं चालवून घ्या, बोलताना एकच होतं. तर म्हणाले बोलताना होईल, कोड्याच्या घरात होणार नाही, घर रिकामं तरी असतं किंवा बरोबर तरी. दुकानात पोरग्याला विचारलं, तोही म्हणाला न वेगळा ण वेगळा अण्णा. माझ्या बाजूने कोणीच नाही.

रचायला का चार महिने लागले तेही तेव्हा सांगितलं. इंग्रजीत अक्षरं सव्वीस, बहुतेक शब्द एकमेकांना कुठेतरी छेद देतात. आपल्याकडे एका क ची बाराखडी, का वेगळा कि वेगळा कु वेगळा, नाव आणि नवरा यांच्यात न जुळत नाही, फक्त व जुळतो. म्हणून काकांच्या चौकटीत काळी घरं जास्त आणि एक शब्द तर कोपऱ्यात एकटाच पडलाय, त्याला कोणीच छेद देत नाही. मी म्हटलं काने मात्रे सोडून नुसती व्यंजनं जुळवली तर? तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की विषय सोडला. अजूनही मला वाटतं ते चाललं असतं.

२८ नोव्हेंबर

तो कोपऱ्यातला एकटा शब्दच शेवटचा राहिला होता. "नवऱ्याच्या आधी, मग हे असले ताप, मिळून तालुका (३)".

छेद नाही म्हणजे एक अक्षरही फुकट मिळणार नाही. मी तालुक्यांची यादी काढली, तीन अक्षरी: अथणी, हुक्केरी, सौंदत्ती, चिकोडी, कित्तूर, निपाणी आणि गोकाक होऊन गेलेले. सौंदत्तीवर जीव अडकला, नवऱ्याच्या आधी बायको, बायकोच्या नावाआधी सौ. पण सौवर अनुस्वार कुठून आला, आणि दत्ती हा कसला ताप? शिल्लक राहतेच. लिहायचा मोह झाला, लिहिलं नाही. एवढी तरी अक्कल आली होती.

दुपारी एका पत्रिकेचं प्रूफ तपासत होतो. दिवसाला सहा सात तरी तपासतो. वर गणपती, खाली श्री कुलस्वामिनी प्रसन्न, मग मुलाचं नाव, आणि त्या नावाच्या आधी दोन टिंबांएवढ्या जागेत, जे मी या सीझनमध्ये शंभरदा तरी टाइप केलं असेल: चि.

नवऱ्याच्या आधी चि. आणि हे असले ताप म्हणजे कोडी. चिकोडी.

प्रूफ तसंच टाकून वही पूर्ण केली, चौदा उत्तरं, चौदा हिशेब, चारच्या सुमारास काकांकडे गेलो. त्यांनी सगळं वाचलं, बोट ठेवून ठेवून, आठवणपाशी थांबून खोडलेली हुरहुर बघितली आणि काही बोलले नाहीत. मग आत जाऊन कुंद्याचा डबा आणला. अर्धा उघडलेला. समोरच्या गल्लीतल्या एका बारावीतल्या पोरीने काल संध्याकाळीच सगळं नेऊन दिलं होतं, तिच्या हातात दुरुस्त कॉपी पडली परवा, म्हणजे दोन दिवसांत. तिला पाव किलो, मला उरलेला पाव, कारण काकांच्या मते बिघडलेला कागद मी छापला असला तरी तो सोडवत बसण्याचा त्रासही मीच काढला, तेव्हा जमाखर्च साधारण सारखा होतो.

त्यातला निम्मा पोरग्याला दिला. मगर त्याची होती.